तीन डाग

पोटावरचे तीनही डाग आज ओले होते. कडा लाल, मध्ये पिवळट पाणी. मागच्या गुरुवारी ते कोरडे आणि तपकिरी होते.

नंदाबाईंनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. पुतळा, वय अंदाजे पाच, भुशीच्या वरची वाडी, आईचे नाव बाया. त्याखाली पोटाचे छोटे चित्र आणि डाव्या बरगडीखाली तिरप्या ओळीत तीन ठिपके.

ही त्यांची स्वतःची पद्धत होती. वाड्यांवर एका नावाच्या चार-चार मुली असत. वय कुणालाच ठाऊक नसे. चेहऱ्यावरून ओळखावे, तर हिवतापाने सगळ्या पोरांना एकच चेहरा दिला होता. भादरलेले डोके, फिकट ओठ, काटकुळे हात. पण तापाने पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, की पोटावर तापल्या विळ्याने डाग देत, आणि ते डाग प्रत्येकाचे निराळे असत. पहिल्या दिवशीच नंदाबाईंनी हे चित्र बायाला दाखवले होते आणि बजावले होते, की खुणा जुळल्या तरच गोळ्या मिळतील.

लढाईमुळे हिवतापावरचे कोयनेल मिळेनासे झाले होते. लोणावळ्याच्या या दवाखान्यात ते मोजून येई. घरटी एकच मूल, असा नियम केला होता आणि कंपाउंडर रखमाजी दर गुरुवारी तो रांगेपुढे ओरडून सांगे. पूर्वी कडू म्हणून हे कोणी घेत नसे, आता लढाईने ते गोड केले, असे तो वर म्हणे. बायका हसत नसत.

"पुन्हा डाग दिलास?" नंदाबाईंनी विचारले.

बाया म्हणाली, "दिलं."

त्या रागावल्या. डागाने पानथरी उतरत नाही, पोर मात्र जखम पिकून मरते, हे त्यांनी तिला सावकाश समजावले. मग मलम लावले आणि बरगडीखाली बोटे ठेवून पानथरी मोजली. मागच्या वेळी चार बोटे होती, आज तीन भरली. त्यांना बरे वाटले. आठवड्याची पहिली गोळी त्यांच्यासमोरच द्यायची, वर दुधाची वाटी. पुतळाने वाटी चाटूनपुसून रिकामी केली. नाव विचारले तेव्हा मात्र ती गप्प राहिली. आईने पाठीवर हात ठेवल्यावर "पुतळा" म्हणाली.

तिसऱ्या गुरुवारी डाग कोरडे होते. मलम लागू पडले, असे नंदाबाईंनी लिहिले. पानथरी मात्र परत चार बोटे. वाटीतले निम्मे दूध उरले.

"गोळ्या रोज देतेस?"

"देते, बाई."

"पूर्ण?"

बायाने पोरीला टेबलावरून खाली उतरवले.

ती गेल्यावर रखमाजीने आपला निकाल सांगून टाकला. हिचा नवरा सावळा खाणीत खडी फोडतो. पंधरा दिवसांपूर्वी रखमाजीने त्याला बाजारात हुडहुडी भरून बसलेले पाहिले होते. "गोळ्या त्याच्या पोटात जातायत, बाई. ती तरी काय करणार? त्यानं हात पसरला, तर नाही म्हणायची सोय आहे का तिला?"

नंदाबाईंना ते पटले. असे त्यांनी पुष्कळ घरांत पाहिले होते.

चौथ्या गुरुवारी तीन बोटे. डागांची कातडी अजून गुलाबी होती. आकडा कधी वर, कधी खाली; म्हणजे ताप दबतो आहे, जात नाही. त्यांनी बायाला बाकावर बसवले आणि दार लोटून घेतले.

"खरं सांग. गोळ्या तू वाटून देतेस ना?"

"व्हय," बाया म्हणाली.

"अर्ध्या गोळीनं ताप जात नाही, बाया. नुसता लांबतो. अशी अर्धी-अर्धी देत राहिलीस, तर दोघंही हातची जातील. एकालाच पूर्ण दे. निदान एक जीव वाचेल."

"दुसऱ्याचं?"

"दुसऱ्यासाठी माझ्याकडे नाही. असतं तर दिलं असतं." कुणाला द्यायचे ते आपण कसे सांगणार, असे त्यांच्या मनात आले. कमावता माणूस गेला, तर घरच बसेल. "ते तू ठरव. पण ठरव. नाहीतर ही चिठ्ठी मला दुसऱ्या घराला द्यावी लागेल."

"पुढल्या गुरुवारी सांगते."

नंदाबाई आठवडाभर त्याच विचारात होत्या. सावळाला एकदा बोलावून घ्यावे, असे त्यांना वाटले. पण बायाला त्याचा मार बसेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिले.

पाचव्या गुरुवारी बाया पोरीला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी पोर ती आजवर चालवत आणत असे. टेबलावर निजवल्यावर पुतळा कुशीवर वळली आणि तशीच राहिली. डाग कोरडे, तपकिरी. पानथरी पाच बोटे. दुधाची वाटी तिने तोंडाला लावू दिली नाही.

नंदाबाईंनी हात धुतले आणि चिठ्ठी उचलली. दाराबाहेर एक म्हातारी नातवाला घेऊन चिठ्ठीच्या आशेने चार गुरुवारांपासून थांबत होती. ती आताही तिथेच होती.

"सांग, बाया. कुणाला?"

बायाने पोरीच्या पोटावरचे फडके खाली ओढले, नीट खोचले. तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"समद्या गोळ्या घरच्या धाकटीला देते, बाई. तिला बी तुमच्या कागदावानीच डाग दिल्यात, एक गुरुवार हिला, एक गुरुवार तिला आणत व्हते. हिला आता न्हाई आणत."