डोक्यातलं खूळ

"मला माणसांचं ऐकून घ्यायला छान जमतं. मी तेच काम करणार!" मी करिअर सल्लागार सरांना ठणकावून सांगितलं.

सर हसले. "अगं, गप्पांनी पोट भरतं का?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हट्टाने घ्यायला लावलेलं इंजिनिअरिंग त्यांच्याच मुलाने सोडलं होतं. सरांचा चेहरा पडला. मग ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले. मन मोकळं झाल्यावर डोळे पुसून त्यांनी बाहेर बसलेल्या बाबांना हाक मारली.

"पोरीच्या डोक्यातलं खूळ काढा. इंजिनिअरिंगलाच घाला!"

मी चरफडत चपला घालत होते.



सर मागून हळूच म्हणाले, "बाळ, उद्या घरी येशील? आमचे चिरंजीव कोणाशीच बोलत नाहीयेत. तू बघतेस का जरा?"