चकरीची झोप

चकरी खाली गेली आणि तशीच उलटून आचलच्या बोटांवर आदळली.

झोपायला हवी होती ती. दोऱ्याच्या टोकाशी पोचून तिथल्या तिथे गरगरत राहायला हवी होती. तेवढ्या वेळात आचल दोऱ्याचा पाळणा करायची, चकरीला त्यात निजवायची, अंगाई म्हणायची. सगळा खेळ त्या झोपेवर उभा. पोरं तिला यो-यो म्हणोत की बा म्हणतो तशी चकरी, झोपली नाही तर ते नुसतं खाली-वर होणारं लाकूड.

ऊर्जानगर या वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधली पुढची खोली. फुगे, केक, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली पोरं. मधोमध कागदी टोपी घातलेला कैफ. वाढदिवस त्याचा.

तिने पुन्हा फेकली. पुन्हा तेच.

"मोबाइलमंदी याच्याहून भारी असते," मागून एक पोरगी बोलली.

आचलने पाठ वळवली आणि चकरीच्या फटीत डोळा घातला. मधल्या दांडीभोवती दोरा सैल फासात असतो, म्हणून तर चकरी झोपते. इथे दांडीला गच्च गाठ बसली होती. मासे धरायच्या जाळ्याला ढिवर लोक मारतात ती गाठ, पाण्यात भिजवून दाताने ओढलेली. सकाळी निघताना बा म्हणाला होता, "दोरा घासला होता वो बाई तुझा. मी नवा बांधून देल्ला. पक्का." तेव्हा बसची घाई होती. तिने पिशवीतली दुसरी चकरी काढली. तिलाही तीच गाठ, तितक्याच मायेने मारलेली. कापावी तर दुसरा दोरा नाही.

"दीदी, क्या हुआ?" कैफची आई रुबीना जवळ येऊन हळूच म्हणाली. "नसन जमत तं टीव्ही लावून देते. पोरं बोर होऊन राह्यली." रिमोट तिच्या हातातच होता.

उद्या पहाटे मिरची तोडायला तेलंगणात जाणारी गाडी गावातून निघणार होती. धनराज मुकादमाला आचलने सांगितलं होतं, येते का नाही ते सांजेपर्यंत कळवते. कॉलनीतला तिचा हा पहिलाच खेळ. जमला तर इथली आणखी दारं उघडतील. नाही जमला तर गाडीत बसायचं.

"टीव्ही नका लावू, ताई," ती म्हणाली. "जरा थांबा."

ती पोरांकडे वळली. चकरी कानाशी धरली.

"काय म्हणतं? झोप नाई येत? काऊन?" मान हलवत तिने ऐकून घेतलं. "हे म्हणते, आज वाढदिवस हाय, मी नाई झोपत. काय रे कैफ, तू झोपला होता का काल?"

"नाई!"

"याने मलेबी झोपू नाई देल्लं," रुबीना बोलून गेली. पोरं हसली.

"मंग हिले आता तुमीच निजवा. म्हणा माझ्यासंगं."

*निज निज चकरे, तळ्याच्या काठी,*
*बा गेला पान्यात मासोळीपाठी.*

पोरांनी म्हटलं. आचलने ओठांवर बोट ठेवलं, हळूच चकरी सोडली. सगळे श्वास रोखून. चकरी खाली टेकते न टेकते तोच टुणकन वर! खोलीभर हशा उसळला. पुन्हा अंगाई, आणखी लांबवून. पुन्हा टुणकन. मघाची ती मागची पोरगी गुडघ्यांवर सरकत पुढे आली होती. कैफ तर उठूनच उभा राहिला.

"ए चकरी! चूप झोप, नाईतं केक नाई भेटत!"

चकरीने त्याचंही ऐकलं नाही.

"हे नाई ऐकत आपलं," आचल म्हणाली. "मंग नाचू द्या तिले!"

तिने चकरी समोर फेकली. परत येताच हातात न घेता मनगट वळवून पुन्हा पुढे धाडली. डोंगीत उभा राहून जाळं फेकताना बा मनगट वळवतो, तसं. पुन्हा. पुन्हा. चकरी हवेत गोल गोल झेपावू लागली. नायलॉनचा दोरा बोटात रुतत होता, कातडीत उतरत होता. आचलने बोट बदललं नाही, हात खाली घेतला नाही. पोरं टाळ्यांवर अंगाई म्हणू लागली आणि चकरी नाचत राहिली. रुबीनाने रिमोट कधीचा टीव्हीवर ठेवून दिला होता.

निघताना शेजारच्या क्वार्टरच्या नीलाबाईंनी तिला दारात गाठलं. "रविवारी माझ्या नातीचा वाढदिवस हाय. येजा. पन हाच खेळ पायजे हं, न झोपनाऱ्या चकरीचा."

पोंभुर्ण्याकडच्या बसने ती गावी उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिचा बा, सोमाजी, अंगणात जाळं सांधत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "गाठ धरली का वो?"

"धरली, बा. सुटलीच नाई."

"मी म्हनलो नाई का? मासा सुटन, ढिवराची गाठ नाई सुटत."

आचलने ओसरीच्या कडेवर बसून फोन लावला. "धनराजभाऊ, गाडी माझ्यासाठी नका थांबवू. मी नाई येत."

सोमाजीच्या हातातली सुई जाळ्यात अडकल्यासारखी थांबली. मग तो जाळं बाजूला सारून म्हणाला,

"दाखव बरं, कशी फिरते तं."

तिने चिंधी बांधलेल्या बोटात दोरा सरकवला आणि चकरी फेकली. ती अंगणाच्या अंधारात पार दिसेनाशी झाली, आणि तिथे क्षणभरही न थांबता घराकडे फिरली.