दोन मिनिटांची तपासणी

धरमपेठेतला विक्रम वेबसाइट घ्यायचा आणि विकायचा. माणूस मोठा गोडबोल्या. नंदनवनच्या प्रेमिलाबाईंनी आपली पाककृतींची वेबसाइट विकायला काढली, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, सौद्याआधी पासवर्ड द्या. दोन मिनिटं तपासून पाहतो."

त्यांनी विश्वासाने दिला. विक्रमने लगेच पासवर्ड बदलला आणि साइट स्वतःच्या नावावर करून टाकली.

"काहून असं केलं गा? माझ्याच घराबाहेर काढलं तू मले!" फोनवर त्यांच्या आवाजात रडं नव्हतं, नुसता संताप होता. त्याने नंबर ब्लॉक केला. महिन्याभराने त्या वारल्याचं कानावर आलं, तेव्हा कटकट मिटली असंच त्याला वाटलं.

साइटवर त्यांचा एकच फोटो होता. हिरवी साडी, शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या. विक्रमने तो काढून टाकला. सकाळी तो परत जागेवर. पुन्हा काढला, पुन्हा आला. आणि दर वेळी प्रेमिलाबाई थोड्या अधिक वळलेल्या दिसत.

रविवारी दुपारी तो दूध घेऊन वर आला, तर किल्ली कुलपात फिरेना. घरात तो एकटाच राहायचा. तेवढ्यात मोबाइल वाजला. साइटवर नवा फोटो आला होता.

प्रेमिलाबाई आता सरळ त्याच्याकडे बघत होत्या. मागे शेगडी नव्हती. त्याचा फ्रिज होता, त्यावर त्याने सकाळीच चिकटवलेलं विजेचं बिल.

त्याने दार बडवलं.

आतून शांत आवाज आला, "थांब न गा. दोन मिनिटं तपासून पाहून राहिली मी."