पाच शब्दांचा परवचा

“कबूतर, संदूक, इमली, रस्सी, तालाब.” जगदेवरावांनी एका दमात म्हटलं आणि हजेरी दिल्यासारखी मान ताठ केली.

“काका, आप तो टॉपर निकले,” म्हणत डॉक्टर यशश्रीने संगणकावर खुणा केल्या. कंपू मोहल्ल्यातल्या त्या इस्पितळात तिचं संशोधन चाललं होतं. म्हातारपणी कुणाची आठवण जाणार, ते आधीच ओळखता यावं म्हणून. पाच शब्द सांगायचे, जरा वेळ भलत्याच गप्पा मारायच्या, मग शब्द परत विचारायचे. दर सहा महिन्यांनी शब्द तेच. त्याशिवाय घसरण कळणार कशी?

“काकू, ज्यांची आठवण घसरतेय त्यांनाच नवं औषध द्यायचंय. यांना जरूरतच नाही. आता सरळ पुढच्या वर्षी या.”

जगदेवरावांची बायको उषाताई खुर्चीतच पुढे सरकल्या.

“अगं, पण परवा हे आमच्याच दारात उभं राहून रिक्षावाल्याला थाटीपूरचा, आमच्याच मोहल्ल्याचा, रस्ता विचारत होते.”

“उमर आहे काकू, होतं थोडं. पहिल्या खेपेला तीनच शब्द आले होते, तेव्हा घाबरले असतील. त्यानंतर एकदाही चुकले नाहीत.”

उषाताई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“ते शब्द मी पाठ करून घेतले गं.”

“मतलब?”

“तीन आले त्या दिवशी हे जेवले नाहीत. सुभेदार माणूस, नापास झाल्यासारखं वाटलं त्यांना. मग मी रोज दिवेलागणीला शुभंकरोती झालं की म्हणून घ्यायला लागले. पोरांचे पाढे घोटून घेतले तसे. म्हटलं, चारचौघांत यांची मान खाली जायला नको.”

खुर्ची पुढे ओढून यशश्रीने जगदेवरावांना नवे शब्द सांगितले. खिडकी, हळद, चाक, असे साधेच. मग थंडीच्या गोष्टी काढल्या, तीळ-गुळाच्या गजकच्या काढल्या. जगदेवराव हसून हो हो म्हणत राहिले.

“आता सांगा काका, कोणते शब्द होते?”

जगदेवरावांनी उषाताईंच्या ओठांकडे पाहिलं. उषाताईंनी ओठांवर पदर दाबून धरला.

“कबूतर,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “संदूक.”

यशश्रीने साल विचारलं, मुलांची नावं विचारली. जगदेवराव प्रत्येक प्रश्नाला अदबीने मान हलवत होते. उत्तर एकाचंही आलं नाही.

“तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर?” उषाताईंनी विचारलं.

यशश्री चष्मा पुसू लागली. “तेव्हा शायद थोडं थांबवता आलं असतं, काकू. सगळ्या तपासण्या करूच आपण. पण आजार इतका पुढे गेल्यावर हे औषध लागू पडत नाही.”

उषाताईंच्या डोळ्यांना धार लागली. आवाज मात्र त्यांनी फुटू दिला नाही.

जगदेवराव चुळबुळले. एकदा या रडणाऱ्या बाईकडे, एकदा डॉक्टरकडे पाहू लागले. मग टेबलावर पुढे वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले,

“मॅडम, यांना काही बोलू नका. या रोज संध्याकाळी घरी येऊन फार मन लावून शिकवतात. माझाच अभ्यास कच्चा राहिला.”