फक्त घरचं जेवण

"डबा आत जाणार नाही," गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला आणि त्याने मालनच्या हातातली कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. चार खणांचा स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, एक चमचा. "बाहेरचं खाणं चालत नाही. तान्हं बाळ नाहीतर पेशंट असेल तरच."

अनुजाला हे ठाऊक होतं. करी रोडहून निघताना तिने दोनदा बजावलं होतं, थीम पार्कात कुणी डबे नेत नाही, लोक हसतात. पण सासू मालन पहाटेच उठून स्वयंपाकाला लागली होती आणि जयवंत नेहमीसारखा आईच्या बाजूने उभा राहिला होता.

आता तो खिशातून घडी घातलेला कागद काढत होता.

"डॉक्टरांचं पत्र आहे," तो म्हणाला.

अनुजा बघतच राहिली. चौदा वर्षांच्या संसारात या माणसाला एक धड थाप मारता आली नव्हती.

रक्षकाने कागद वाचला. वर कॅन्सर हॉस्पिटलचं नाव होतं, खाली सही होती, शिक्का होता. "पेशंट कोण?"

जयवंतने अनुजाकडे पाहिलं. हा घोळ घालणार, अनुजाने ओळखलं. तिने सासूचा दंड धरून तिला पुढे केलं. "ह्या. आमच्या सासूबाई. कॅन्सर आहे त्यांना."

मालन क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "होय बाबा. मीच ती."

रक्षकाने पुन्हा कागदावर नजर टाकली, मग जयवंतकडे पाहिलं. जयवंतने नुसते हात जोडले. रक्षकाने डबा स्वतः पिशवीत भरला, कागद परत दिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "जा."

आत शिरल्यावर अनुजाला हसू आवरेना. "काय शिक्का बनवलायस रे! कुठून आणलास?"

"मिळाला," जयवंत म्हणाला.

"आई, जरा खोकत चला. नाहीतर पकडतील आपल्याला."

अकरा वर्षांच्या श्रेयाला हा खेळ फारच आवडला. ती आजीचा हात धरून तिला लंगडत चालवायला लागली. मालन लंगडलीही.

दुपारपर्यंत चार राइड झाल्या. जयवंत सारखे फोटो काढत होता. एरवी लग्नकार्यातही याला फोटोचा कंटाळा. "श्रेयाला जवळ घे. अजून जवळ," तो म्हणत होता.

जेवायला ते झाडाखाली बसले. अनुजाने डबा उघडला. मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, ताक. तिने झाकण आपटलं.

"तुमच्या कवळीपायी आम्ही सगळ्यांनी हे गिळायचं? कॅन्सर खोटा, पण जेवण मात्र खरं हॉस्पिटलचं."

"खा गो चार घास," मालन म्हणाली. "बाहेरचा तिखट नको."

"तुम्हीच खा. पेशंट तुम्ही."

मालनचे डोळे भरून आले. तिने पदर तोंडाला लावला आणि ती दुसरीकडे बघत बसली. अनुजा उठली आणि समोरच्या स्टॉलवरून मसाला लावलेले बटाट्याचे काप घेऊन आली. गेल्या महिन्यात दुर्बिणीने अनुजाचं पोट तपासल्यापासून घरात चमचमीत म्हणून काही शिजत नव्हतं. अल्सर आहे, जयवंतने रिपोर्ट आणून सांगितलं होतं. त्या अल्सरचं दोघांनी नुसतं निमित्त केलं होतं. दोन काप खाल्ल्यावर मात्र तिलाच नको झालं.

जेवणानंतर श्रेया पाण्याच्या राइडसाठी हट्ट धरून बसली. जयवंत तिच्याबरोबर निघाला. अनुजाने त्याचा फोन घ्यायला हात पुढे केला, तर तो फोन आईच्या पिशवीत टाकत म्हणाला, "आईकडे राहू दे."

तिला ते लागलं. आणि सासूकडे बघता बघता तिच्या मनात काहीतरी चमकलं.

म्हातारी वाळली होती. महिनाभर ती आणि जयवंत स्वयंपाकघरात कुजबुजत, अनुजा आली की गप्प होत. जयवंतने दोनदा अर्धी रजा टाकली होती. गेटवर "मीच ती" म्हणताना म्हातारीचा आवाज किती सरळ होता. आणि थाप मारता न येणारा हा माणूस!

पत्र खरं होतं.

अनुजाला थोडं वाईट वाटलं. मग म्हातारीची आतली खोली डोळ्यांपुढे आली. श्रेयाला अभ्यासाचं टेबल मावेल. खिडकीपाशी शिलाई मशीनही. वर्षभर, फार तर दीड वर्ष. तोवर गोड बोलायला आपलं काय जातंय?

"आई, तुम्ही सावलीत सरका," ती म्हणाली. "डबा मी धुते."

"नको गो बाय. तू बस. दमलंस." मालन डबा घेऊन नळाकडे गेली. पिशवी तिथेच राहिली.

पिशवीतला फोन वाजला. अनुजाने नळाकडे पाहिलं. सासूची पाठ होती. तिने फोन उचलला.

"हॉस्पिटलातून बोलतेय. मिस्टर घाडी आहेत?"

"ते राइडवर गेलेत. मी त्यांची बहीण," अनुजा म्हणाली. थाप मारायला तिला कधीच वेळ लागत नसे. "मला सगळं माहीत आहे. पत्राचंसुद्धा. सांगा तुम्ही, किती दिवस आहेत?"

"ते डॉक्टरच बोलतील, ताई. सोमवारी सकाळी सातला दाखल करा, पहिली किमो आहे. एवढा निरोप द्या."

"देते. पण आईला झेपेल का हो? तिचं वय आहे सत्तरच्या घरात."

"सत्तर?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही हो. माझ्याकडे वय एकोणचाळीस आहे. अनुजा जयवंत घाडी. तुमच्या वहिनी ना? त्यांना कळू द्यायचं नाही म्हणून भाऊ इतके दिवस टाळतायत, पण आता तुम्ही तरी सांगा. सोमवारी सही त्यांचीच लागेल."