उखाण्यातलं नाव

"आई, आजी उखाण्यात आजोबांचं नाव विसरली," रेवा म्हणाली. हातातले ओले कपडे गच्चीतच टाकून मी खाली धावले.

सासूबाई गाढ झोपल्या होत्या, गाल गुलाबी. शेजारी कालच माहेरपणाला आलेल्या वन्सं. "किती शांत झोप लागलीय बघ. धाप लागत होती, मी ऑक्सिजन दोनवरून पाचवर केला. तू फारच हात राखून देतेस."

चुलीच्या धुरानं गेलेल्या फुप्फुसांना जास्त ऑक्सिजन सोसत नाही, कार्बन डायऑक्साइड रक्तात साठतो, आधी बोलण्यात गोंधळ होतो आणि मग माणूस झोपेतच जातो, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी काटा दोनवर आणला, हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी रुग्णवाहिका बोलावली.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "कुणाच्या लक्षात आलं?"

मी पाच वर्षांच्या रेवाला पुढे केलं. "हिच्या." रोज दुपारी ती आजीकडून तोच उखाणा म्हणवून घ्यायची: 'अबोलीच्या गजऱ्याला दवण्याचा वास, दिगंबररावांच्या नावावर चालतो माझा श्वास.'

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा मास्क निघाला. वन्सं पायाशी बसून डोळे पुसत होत्या.

"आजी, उखाणा," रेवा म्हणाली.

"अबोलीच्या गजऱ्याला दवण्याचा वास..." सासूबाई थांबल्या. मग मान ताठ करून, शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "रेवाबाईंच्या नावावर चालतो माझा श्वास."

"आजी, पुन्हा चुकलीस," रेवा म्हणाली.