मशीनची चूक

"मशीनच चुकतंय, दुसरं काय!" मशीन बनवणाऱ्या मिहिरने लॅपटॉप वैशालीकडे वळवला. "एकवीस दिवसांत एकदाही वहीशी जुळलं नाही."

भिवंडीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत वैशाली सकाळपासून बसली होती. वडप्याच्या गोदामातली ड्युटी बुडवून ती दिघाशीहून आली होती. सोबत सासरा रामू आणि सहा वर्षांचा भाविक. एवढ्याशा पोराला मधुमेह! आल्यापासून त्याने पाण्याची तिसरी बाटली तोंडाला लावली होती.

मशीन म्हणजे कपड्याच्या चिमट्याएवढी वस्तू. बोटाला लावली की डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड आत शिरतो आणि रक्तात साखर किती ते सांगतो. ना सुई, ना रक्त. ते खरं सांगतं का, हे पाहायला मिहिरने चाळीस घरांत दिलं होतं. रोज सकाळी आधी चिमटा लावायचा, मग लगेच बोट टोचून साध्या मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. भाविकच्या बाबतीत मशीन म्हणत होतं तीनशे साठ, तीनशे नव्वद. वही म्हणत होती अठ्ठ्याण्णव, एकशे चार.

"वही बघा किती नेटकी आहे," मिहिर म्हणाला. "आजोबांनी एक दिवस चुकवला नाही."

"बाबांचं काम तसंच हाय," वैशाली कौतुकाने म्हणाली. "मला रगत बगवत न्हाय. टोचायचं समदं त्यांच्यावरच सोडलंय. मी आपली वहीतला आकडा बगून इन्सुलिन देते."

कौतुक इतकं झोंबतं, हे रामूला या वयात कळत होतं.

"काळजी करू नका," मिहिर म्हणाला. "मशीनला आता वहीतले आकडे शिकवतो. उद्यापासून तेही शंभरच दाखवेल. बटण दाबलं की झालं."

म्हणजे घरात खरं बोलणारं ते एकच होतं, आणि उद्यापासून तेही खोटं बोलणार! रामू ताडकन उठला.

"थांब रं दादा. त्याला काय बी शिकवू नको. ते बरोबर हाय."

"असं कसं आजोबा? वहीत तर..."

"वहीतलं रगत माजं हाय."

मिहिरने बटणावरचा हात काढून घेतला. वैशालीला आधी काही उमगेचना.

"पोर आरडायचं," रामू जमिनीकडे बघत म्हणाला. "बोट बगलं की हातपाय झाडायचं. माज्यानं बगवना. म्हटलं, आजचा दिस माजं टोचतो. मंग रोजचंच झालं." त्याला भयंकर लाज वाटत होती. अशी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

वैशाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमचा शंभर बगून मी त्याचं इन्सुलिन कमी केलं. दोनदा कमी केलं."



मिहिरने नर्सला हाक मारली. ती सुई घेऊन आली तसा भाविक धावत जाऊन आज्याला बिलगला. तो जाणार तरी कुठं! रामूने त्याला मांडीवर घेतलं, घट्ट धरलं आणि त्याचं बोट सरळ केलं. कोवळं, गुळगुळीत बोट. त्यावर सुईची एकही खूण नव्हती.

भाविक रडला नाही. आजा असताना कशाला रडायचं? त्याने रोजच्यासारखा रामूचा हात ओढला आणि नर्सपुढे धरला. रामूने तो मागे घेतला. पोराने पुन्हा ओढला. रामूने पुन्हा मागे घेतला. तेव्हा कुठं भाविकने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"आजा," तो म्हणाला, "तुजं बोट दे ना."